निकॉन २००-५०० आणि नाथसागराचं ऊन: दोन हिवाळ्यांनंतरचा रिव्ह्यू

दोन हिवाळे झाले ही लेन्स वापरतोय, निकॉनची एएफ-एस २००-५०० एफ ५.६, आणि बरेच जण विचारतेत की घ्यावी का, पक्ष्यांना पुरते का, फोटो शार्प येतेत का, तर म्हणलं एकदाच सगळं सविस्तर लिहून टाकावं. आधीच सांगतो, मला ही लेन्स मनापासून आवडते आणि मी ती विकणार नाही. पण पहिल्या हिवाळ्यात हिच्यावर काढलेले निम्म्याहून जास्त फोटो मी डिलीट केलेत आणि त्यातल्या बहुतेक फोटोत चूक लेन्सची नव्हतीच, उजेड मोजण्यात होती नाहीतर फोकस कुठं ठेवला त्यात होती. म्हणून हा रिव्ह्यू लेन्सचा असला तरी अर्ध्याहून जास्त एक्स्पोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा ते) आणि फोकसबद्दलच आहे, आपल्याकडच्या उन्हात ही लेन्स चालवायची तर ते शिकल्याशिवाय जमत नाही.

माझं गेवराई तालुक्यात खतं-बियाण्यांचं दुकान आहे, पेरणीच्या दिवसात मान वर करायला सवड नसते, पण दिवाळी झाली आणि गहू-हरभऱ्याची गडबड उरकली की रविवारी पहाटे चारला गाडी काढायची आणि पैठणचा रस्ता धरायचा. नाथसागर म्हणजे जायकवाडीचं बॅकवॉटर, १९८६ ला पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झालेलं. नोव्हेंबरपासून पाहुणे यायला लागतेत, चक्रवाक, तलवार बदकं, पट्टकदंब म्हणजे हिमालय ओलांडून येणारे ते डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हंस, आणि नशीब असलं तर रोहित. नाथषष्ठीच्या आसपास परत जायला लागतेत. म्हणजे माझ्या हातात चार महिन्यांचे पंधरा-सोळा रविवार, त्यात दोन लग्नातच जातेत. अशा वेळी घरी येऊन कॉम्प्युटरवर बघावं आणि बगळ्याच्या जागी नुसता पांढरा ठिपका दिसावा, पिसांची एक रेघ नाही, तेव्हा जीव कसा तुटतो हे ज्याचं त्यालाच माहीत.

बॉडी म्हणजे कॅमेरा माझा निकॉन डी७५००, २०.९ मेगापिक्सेल, क्रॉप सेन्सर (फुल फ्रेमपेक्षा लहान), त्यामुळं ५०० चा अँगल फुल फ्रेमवरच्या ७५० एवढा पडतो. लेन्स २०१५ ची आहे, वजन ट्रायपॉडला बसवायच्या कॉलरसकट साधारण २३०० ग्रॅम, बॉडी धरून तीन किलो. तीन किलो म्हणजे उचलताना काही वाटत नाही, पण भोवत्या (शिकारी पक्षी) येईल म्हणून दहा मिनिटं डोळ्याला लावून बसा मग कळतं. झूम रिंग लांब फिरते, २०० वरून ५०० ला जायला माझा मनगटाचा एक झटका पुरत नाही, हात बदलून दुसऱ्यांदा फिरवावी लागते, आणि झूम केलं की नळी बाहेर येते. फिल्टर साईज ९५ मिमी, त्या साईजचा चांगला फिल्टर महाग पडतो, मी लावलेलाच नाही, हूड कायम लावलेला असतो तेवढं बास. अजून एक, नावात एफ ५.६ च्या पुढं ई आहे ना, त्याचा अर्थ डायफ्रॅम, म्हणजे लेन्सचं उजेड आत सोडणारं भोक (ॲपर्चर) लहान-मोठं करणारा भाग, इलेक्ट्रॉनिक आहे, म्हणून डी९० सारख्या जुन्या बॉडीवर ही लेन्स ॲपर्चर बदलत नाही. एका मित्राने विचारलतं, त्याच्याकडं डी९०च आहे, त्याला सरळ नको म्हणलं.

आता मुद्द्याचं. एफ ५.६ हा आकडा म्हणजे ॲपर्चर जास्तीत जास्त किती उघडतं ते, आकडा लहान तेवढं भोक मोठं, आणि तो २०० ला पण तोच आणि ५०० ला पण तोच. घेताना मला ह्याचं काही विशेष वाटलं नव्हतं, आज विचाराल तर मी ही लेन्स त्याच एका गोष्टीसाठी घेईन. का ते सांगतो.

पहिल्या हिवाळ्यात मी ॲपर्चर प्रायोरिटीवर होतो (ॲपर्चर मी ठरवायचं, शटर कॅमेऱ्याने), मॅट्रिक्स मीटरिंग म्हणजे कॅमेऱ्याचं मीटर अख्ख्या फ्रेमचा उजेड मोजतं, आणि कुणीतरी सांगितलेलं डोक्यात पक्कं बसलेलं की पांढरा पक्षी असला की प्लस करा म्हणजे मीटरने ठरवल्यापेक्षा उजेड वाढवा, काळा असला की मायनस करा. हे अर्धंच खरं आहे हो, आणि त्या अर्ध्यानं माझा डिसेंबर सगळा खाल्ला. मीटरला पक्षी कळत नाही, त्याला फक्त फ्रेममधला उजेड कळतो आणि तो सगळ्याचा मध्यम राखाडी करायला बघतो. मोठा बगळा फ्रेमभर असला तर मीटर म्हणतं लै उजेड आहे, कमी करतं, बगळा राखाडी मळकट येतो, तिथं प्लस बरोबर. पण नाथसागरावर बगळा फ्रेमभर मिळतो कुठं? तो असतो दूर, फ्रेमच्या दहाव्या हिश्शात, आणि मागं सगळं काळंशार पाणी नाहीतर बेशरमाची गर्द सावली. तिथं मीटर म्हणतं लै अंधार आहे, उजेड वाढवतं, बगळा आधीच फाटायला (जास्त उजेडाने नुसता पांढरा व्हायला) आलेला आणि त्यावर आपण वरून प्लस एक दिलेलं. पिसं गेली ती गेली, रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाईल) असला तरी परत येत नाहीत. म्हणजे तोच बगळा, तेच ऊन, एकदा प्लस लागतं आणि एकदा मायनस, फक्त मागं काय आहे त्यावर. आणि बगळा उडाला की तीन सेकंदात पाण्यावरून झाडापुढून आभाळात जातो, तेवढ्यात तुम्ही अंगठ्याने किती वेळा प्लस-मायनस करणार.

ह्याच्यावर इलाज एकच सापडला, मॅन्युअल, म्हणजे ॲपर्चर, शटर, आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ते) तिन्ही आपणच ठरवायचं. पक्ष्यावर पडणारं ऊन बदललेलं नाही, मागचं बदललंय, मग एक्स्पोजर कशाला बदलायचं. भर उन्हाचा जुना हिशोब आहे, एफ १६ ला शटरचा वेळ म्हणजे एकला आयएसओने भागायचं. ५.६ वर यायला तीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट नाहीतर निम्मा) उघडलं म्हणजे आयएसओ ४०० ला १/३२००. हे झालं मधल्या रंगाच्या पक्ष्याला, स्वच्छ ऊन, सूर्य पाठीशी. पांढऱ्या पक्ष्याला मी तिथून दोन तृतीयांश स्टॉप खाली येतो, म्हणजे १/५००० किंवा आयएसओ २५०. सूर्य उगवून अर्धा तास झालेला असतो तेव्हा उजेड साधारण दोन स्टॉप कमी असतो, तेव्हा आयएसओ ८०० आणि १/१६००, आणि मग दर दहा-पंधरा मिनिटांनी एक-एक क्लिक (एक तृतीयांश स्टॉप) वर जायचं. आकडे पाठ करायची गरज नाही. बॅकवॉटर उतरलं की गाळपेरीचं हिरवं हरभऱ्याचं रान असतंच समोर, तेच ऊन त्याच्यावर पडतंय, कॅमेरा तिकडं करायचा, मीटर शून्यावर येईल असं सेट करायचं, झालं. हिरवं रान मीटरला बरोबर मधलं वाटतं. मग बगळ्यासाठी दोन क्लिक खाली आणि पुढचा पाऊण तास मीटरकडं बघायचंच नाही, फक्त ढग आला तर.

आणि इथं ते कायम ५.६ कामाला येतं. आधी माझ्याकडं ७०-३०० होती, ४.५-६.३ वाली, ती पूर्ण उघडी ठेवून मॅन्युअलवर बसलो की झूम केल्या-केल्या ॲपर्चर बदलायचं, ७० ला आणि ३०० ला मिळून अख्ख्या एका स्टॉपचा फरक. ६.३ लावून ठेवलं तर बदलत नाही हे खरं, पण मग तेवढा उजेड आपणच सोडून दिला की. २००-५०० वर थवा लांब असताना ५०० ला घ्या, जवळ आला की २८० ला या, एक्स्पोजर तिथंच. पहिल्यांदा जेव्हा पट्टकदंबांचा थवा पाण्यावरून उठला आणि माझ्या डोक्यावरून गेला आणि सत्तावीसच्या सत्तावीस फ्रेम एकाच उजेडाच्या आल्या, पोटाखालची पिसं दिसतायत, डोक्याचे पट्टे दिसतायत, त्या दिवशी पैठणात चहा पिताना हातातला कॅमेरा खाली ठेववत नव्हता.

मॅन्युअलला ऑटो आयएसओ लावून लोक म्हणतेत मी मॅन्युअल वापरतो. ते मॅन्युअल नाही, आयएसओ मीटरच ठरवतंय, मागं पाणी आलं की परत तोच घोळ. तो मोड वाईट नाही, येडशीच्या रामलिंग अभयारण्यात झाडीत फिरताना पाऊल-पाऊल सावली बदलते तिथं मी तोच वापरतो आणि कॉम्पेन्सेशन (तेच प्लस-मायनस) देतो. पण उघड्या पाण्यावर नको.

आभाळातल्या पक्ष्याचं थोडं वेगळं. घार, भोवत्या, डोक्यावरून जाणारे करकोचे, त्यांचं पोट सावलीत असतं आणि मागं पांढुरकं आभाळ. मीटरवर सोडलं तर काळी आकृती येते. त्यात सकाळी लवकर सूर्य खाली असतो तेव्हा उजेड पंखाखाली शिरतो, पोटाचा रंग उजळतो, म्हणून उडत्या पक्ष्याचे चांगले फोटो पहिल्या दीड तासातलेच असतेत माझे. नंतर मग पाऊण-एक स्टॉप जास्त द्यायचं आणि आभाळ फाटलं तर फाटू द्यायचं, आभाळात बघायचं काय असतं.

काळ्या पक्ष्यांत माझा आवडता वारकरी. तलावावर काळ्या अंगाचा, कपाळावर पांढरा टिळा लावलेला आणि चोच पांढरी, त्याला वारकरी म्हणतेत, आणि नाथांच्या पैठणला शेकड्यांनी हे वारकरी पाण्यावर जमलेले असतेत हे बघून दरवेळी बरं वाटतं. ह्याला उजेड द्यायचा किती हा खरा पेपर आहे. अंगाची पिसं दिसावीत म्हणून वाढवलं की टिळा जळतो. मी टिळा वाचवतो आणि अंग घरी रॉ मध्ये उचलतो, डी७५००च्या फाईलमध्ये सावली दीड-दोन स्टॉप उचलली तरी कमी आयएसओला काही बिघडत नाही. काळ्यातून काढता येतं, जळलेल्यातून येत नाही. आयएसओ १६०० च्या पुढं मात्र उचलायला गेलं की दाणे दिसतेत, त्यामुळं पहाटेच्या अंधारात उलटं, तिथं आधीच पुरेसा उजेड द्यायचा.

चक्रवाकाची एक गंमत बरेच दिवस कळली नव्हती. नारिंगी रंग, सकाळचं सोनेरी ऊन, हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख, उजवीकडं जास्त उजेड) बघितला तर उजव्या भिंतीपासून बराच लांब, चमकणारी वॉर्निंग नाही, आणि घरी आल्यावर छाती नुसती सपाट नारिंगी, पिसं गायब. नंतर समजलं की साधा हिस्टोग्राम सगळ्या रंगांचा मिळून असतो, तिकडं लाल चॅनल एकटाच भिंतीला धडकलेला असतो. कॅमेऱ्यात आरजीबी हिस्टोग्राम दिसतो, तो चालू करा, लाल, हिरवा, निळा वेगवेगळा दिसतो. रोहित, चक्रवाक, साधा खंड्या ह्यांच्या वेळी लाल बघायचा. अजून एक, स्क्रीनवरचा हिस्टोग्राम जेपीईजीवरून काढलेला असतो, पिक्चर कंट्रोल (कॅमेऱ्यातली रंगाची सेटिंग) व्हिव्हिड म्हणजे भडकवर असला तर तो खोटं घाबरवतो, मी फ्लॅटवर ठेवतो, स्क्रीनवर फोटो फिका दिसतो पण आकडा खऱ्याच्या जवळ असतो.

आता फोकस. ५०० ला ५.६ वर, दहा मीटरवर पक्षी असला तर शार्प पट्टा किती जाड असतो माहितीये? क्रॉप बॉडीवर जेमतेम नऊ सेंटीमीटर. पाच मीटरवर दोन सेंटीमीटर. म्हणजे धोबी पक्ष्याच्या छातीवर फोकस बसला तर डोळा गेला. आणि डोळा गेला की फोटो गेला, शेपटी कितीही शार्प असू द्या. जवळचा बसलेला पक्षी असला की मी एफ ८ करतो, दहा मीटरवर तेरा सेंटीमीटर मिळतेत, तेवढाच आधार. शार्पनेस म्हणाल तर ही लेन्स ५.६ लाच इतकी चांगली आहे की त्यासाठी बंद करायची गरज नाही, मी फक्त ह्या पट्ट्यासाठी बंद करतो.

एएफ-सी (सतत फोकस धरत राहणारा मोड) कायम. बसलेल्या पक्ष्याला सिंगल पॉईंट, म्हणजे फोकसचा एकच ठिपका, तो डोळ्यावर. उडत्याला ग्रुप एरिया, त्यात पाच पॉईंट मिळून काम करतेत आणि जे सगळ्यात जवळ आहे त्याला धरतेत. उघड्या पाण्यावर, आभाळात, ग्रुपसारखं दुसरं नाही. पण बेशरमाच्या जाळीत बसलेल्या पक्ष्यावर ग्रुप लावून बघा, दरवेळी पुढची काडी पकडणार, कारण तिच सगळ्यात जवळ आहे, त्यात त्याची काय चूक. मी जांभळ्या पाणकोंबडीचे चाळीस फोटो काढलते छत्रपती संभाजीनगरला सलीम अली सरोवरावर, चाळीसही फोटोत पानकणसाचं पातं कसं सुरेख शार्प. सिंगल पॉईंट, आणि शक्यतो मधला, कारण डी७५००च्या ५१ पॉईंटपैकी मधले १५ क्रॉस टाईप आहेत, ते उभ्या-आडव्या दोन्ही रेघा पकडतेत. संक्रांतीच्या आसपास धुई असते तेव्हा कडेचे पॉईंट चाचपडत बसतेत, मधला कसाबसा धरतो.

फोकस शटरच्या बटनावरून काढून मागच्या बटनावर द्या, हे पहिल्या दिवशीच करा. डी७५००ला वेगळं एएफ-ऑन बटन नाही, एई-एल/एएफ-एलला ते काम लावून द्यायचं. दाबून धरलं की फोकस चालू, सोडलं की तिथंच थांबला. कवड्या खंड्या पाण्यावर एका जागी फडफडत थांबतो, दहा-बारा सेकंद, तेव्हा दाबून धरायचं, सूर मारला की दाबलेलंच ठेवायचं. बांधावर बसलेला सातभाई असला की एकदा दाबून सोडायचं आणि फ्रेम कशी पाहिजे तशी करायची. पहिले आठ दिवस अंगठा ऐकत नाही, मग सवय होते.

लेन्सचा फोकस वेगाने धावतो का? तर धावतो, पण निकॉनच्या मोठ्या लाखोंच्या प्राईम (झूम नसलेल्या) लेन्ससारखा नाही. लांबून एकदम जवळ यायचं असलं तर एक क्षण जातो आणि आभाळात काहीच सापडलं नाही तर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरून येतो, तेवढ्यात सुरय पक्षी गेलेला असतो. ह्यावर उपाय दोन. एक, पक्षी ज्या अंतरावरून जाणार त्या अंतरावरच्या एखाद्या ढेकळावर नाहीतर खांबावर आधीच फोकस करून ठेवायचा. दुसरा, बाजूला एक स्विच आहे, फुल नाहीतर ६ मीटर ते अनंत, तो ६ मीटरवर ठेवला की जवळचं शोधण्यात वेळ जात नाही. पण हा स्विच कुठं आहे ते लक्षात ठेवा. एका सकाळी पिवळा धोबी चालत-चालत माझ्या पायापासून चार मीटरवर आला, कोवळं ऊन, मागं सगळं निळं पाणी, आणि फोकस काही केल्या बसेना. मी बॉडीला दोष देत बसलो, बॅटरी काढून घातली, तोवर तो उडाला. स्विच ६ मीटरवर होता. लेन्स फुलवर असली की २.२ मीटरपर्यंत जवळ धरते, आणि तो फोटो माझ्या आयुष्यात परत येणार नाही, हे अजून टोचतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे मला कुठल्याही व्हिडिओत कुणी आपल्या भागासारखं सांगितलं नाही. फेब्रुवारीत साडेनऊ-दहा वाजले की फोटो मऊ यायला लागतात. फोकस बरोबर, शटर १/३२००, स्टँडवर ठेवून काढलं तरी पक्ष्याची कड पाण्यात बुडवल्यासारखी थरथरती. मी एक महिना धरून चाललो की लेन्समध्ये दोष आहे. एका रविवारी गाळपेरीच्या रानात राखणीला बसलेले एक मामा होते, वय असंल साठ-पासष्ट, मी बराच वेळ फोटो मोठे करून बघतोय म्हणून जवळ आले, मी म्हणलं मामा मघाशी येत होते तसे आता येईनात. ते समोरच्या काठाकडं बोट करून म्हणले, "भाऊ, झळा लागल्या की आता. मला इथून ते जनावर हाय का माणूस हाय ते बी कळंना, तुमच्या डब्याला काय कळावं?" आणि खरंच, डोळ्यांनी बघितलं तर जमिनीवर हवा उकळत होती. काळी माती तापते, वरची हवा हलायला लागते, आणि पन्नास-साठ मीटर लांबचा पक्षी त्या हलत्या हवेतून बघायचा म्हणजे हजार काचांतून बघितल्यासारखं. त्यात आपण ५०० ने तो थरथराट पण मोठा करून घेतो. ह्याला लाखाची लेन्स पण काही करू शकत नाही.

तेव्हापासून मी नऊ-सव्वानऊला लांबचे फोटो बंद करतो. जवळ येणाऱ्या पक्ष्याचे काढतो, पंधरा-वीस मीटरच्या आत, तिथं हवा कमी असते मधे. तापलेल्या रस्त्यावरून, गाडीच्या बॉनेटवरून, पत्र्यावरून काढत नाही. पाण्याच्या अगदी कडेला ओल्या चिखलावर आडवं पडून काढलं तर थोडा फरक पडतो. बाकी वेळ झाडाखाली बसून भाकरी खायची आणि पक्षी नुसते दुर्बिणीने बघायचे. मामांना पुढच्या वेळी त्यांचा फोटो मोठा करून दिला, तो त्यांनी देवघराजवळ लावलाय.

जवळ येणाऱ्या पक्ष्याचं म्हणलं तर एक कळकळीचं. जवळ जायचं म्हणजे त्याच्या मागं धावायचं नाही. उडतानाचे फोटो मिळावेत म्हणून थवे मुद्दाम उठवणारे लोक मी बघितलेत, हात वर करून ओरडतेत. ते पक्षी हजारो किलोमीटर येऊन इथं अंगावर चरबी धरायला बसलेत, परत जायचंय त्यांना. आणि उन्हाळ्यात सुरय उघड्या वाळूत अंडी घालतात, आपण तिथं दहा मिनिटं उभं राहिलो आणि आई अंड्यावरून उठली तर मे महिन्याच्या आपल्या उन्हात अंडं शिजतं, अक्षरशः. मी मार्चनंतर बेटांकडं फिरकत पण नाही. एका जागी तास-दीड तास हलायचं नाही, पक्षी आपलं आपण चरत जवळ येतेत, आणि निवांत पक्ष्याच्या डोळ्यावर फोकस ठेवायला जो वेळ मिळतो तो घाबरलेल्या पक्ष्यावर कधीच मिळत नाही.

व्हीआर (हाताचा थरथराट थोपवणारी यंत्रणा) ह्या लेन्सचा फार चांगला आहे, साडेचार स्टॉपचा म्हणतेत, बसलेल्या पक्ष्याचे मी ५०० ला हातात धरून १/२५० ला काढलेत आणि शार्प आलेत. उडत्यासाठी स्पोर्ट मोड. पण व्हीआर माझा हात थांबवतो, पक्ष्याचा पंख थांबवत नाही, हे लक्षात न घेता १/५०० ला खंड्या काढायला गेलो की पंखाच्या जागी धूर येतो. बगळ्याला १/१६०० पुरतं, बदकांना १/२५००, कवड्या खंड्याला ३२०० च्या पुढं.

फाईन ट्यूनचं पण सांगतो. डीएसएलआरमध्ये फोकस मोजणारा सेन्सर वेगळा आणि फोटो घेणारा वेगळा, त्यामुळं कुठल्याही बॉडी-लेन्सच्या जोडीत केसभर पुढं-मागं होऊ शकतं. मी सेकंडहँड घेतली, दुकानाचं नाव घेत नाही, दुकानदाराने वीस मिनिटं किंमतीवर बोलला पण ट्रायपॉडवर लावून एक फोटो काढून दाखवा म्हणलं तर टाळाटाळ केली, मी तेव्हाच हट्ट धरायला पाहिजे होता. घरी आल्यावर भिंतीवर कालनिर्णय लावलं, दहा-बारा मीटरवरून, ट्रायपॉड, व्हीआर बंद, एकदा लाईव्ह व्ह्यूने (मागच्या स्क्रीनवर बघून) फोकस करून आणि एकदा व्ह्यूफाईंडरने. लाईव्ह व्ह्यूचा तिथीचा बारीक अक्षर न् अक्षर वाचता येत होता, व्ह्यूफाईंडरचा जरा मऊ. डी७५००मध्ये एएफ फाईन ट्यून आहे, त्यात पाच-सहा वेळा आकडा बदलून बघितला, चौथ्या रात्री जुळलं. तेवढ्याने बसलेल्या पक्ष्यांचे फोटो इतके सुधारले की आधीचे बघवत नाहीत. एका लेन्सला एकच आकडा बसतो, २०० चा वेगळा ५०० चा वेगळा असं नाही, म्हणून जिथं जास्त वापरता तिथं जुळवा, म्हणजे ५०० ला.

धुळीचं पथ्य पाळा. नळी बाहेर येणारी लेन्स, आणि आपले रस्ते म्हणजे फुफाटा. नळी आत घेताना तिच्यावरची धूळ मऊ कपड्याने पुसून मगच आत. गाडीवर नेताना २०० ला आणून लॉक करायची. आमच्या इथल्या टेलरमामांकडून खाकी कापडाचं कव्हर शिवून घेतलं. आणि जुन्या जीन्सचा पाय कापून त्यात करडई भरून पिशवी शिवली, करडईचा दाणा कडक आणि गुळगुळीत, पिशवी लेन्सच्या खाली बरोबर बसते, आडवं पडून फोटो काढताना ट्रायपॉडपेक्षा हीच कामाची.

घ्यायची का मग? तुमच्याकडं डी७२००, डी७५००, डी५०० सारखी बॉडी असली तर घ्या, डोळे झाकून. सिग्मा-टॅमरॉनच्या १५०-६०० मी मित्रांच्या वापरून बघितल्यात, शंभर मिमी जास्त मिळते, पण लांब टोकाला ६.३ होतं आणि माझं मॅन्युअलचं सगळं गणित ५.६ वर बसलंय. नवीन मिररलेस घेणार असाल तर थांबा, निकॉनने २०२३ ला झेड १८०-६०० आणली, तिची नळी बाहेर येत नाही आणि नव्या बॉडीत डोळा ओळखणारा फोकस आहे, पण बॉडीसकट खर्च कुठल्या कुठं जातो. ही जुनी एफटीझेड ॲडाप्टर लावून झेड म्हणजे निकॉनच्या मिररलेस बॉडीवर पण चालते, त्यामुळं पुढं बॉडी बदलली तरी वाया जाणार नाही.

मला अठ्ठावन्न हजाराला पडली. सेकंडहँड घ्यायला गेलात तर दुकानातून हलायच्या आधी एवढं करा: मोबाईलचा टॉर्च मागून लावून आत बुरशी-धूळ बघा, झूम दोन्हीकडं पूर्ण फिरवून कुठं अडकते का, कॉलरचा स्क्रू घट्ट बसतो का, व्हीआर चालू करून व्ह्यूफाईंडरमध्ये चित्र स्थिर होतं का, फोकसचा स्विच दोन्ही ठिकाणी टाकून बघा, आणि तुमची स्वतःची बॉडी घेऊन जा, दुकानाबाहेर वीस पावलांवरची एखादी पाटी ५०० ला ५.६ वर काढा आणि तिथंच शंभर टक्के मोठी करून अक्षरं वाचा. दुकानदार घाई करायला लागला तरी तो फोटो काढल्याशिवाय पैसे देऊ नका.